हुशार माणसांनाही संचालक व्हायला शिकावं लागतं, ते का?

१६ डिसेंबर २००८. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या संचालक मंडळाची बैठक. समोर प्रस्ताव होता मेटास नावाच्या दोन कंपन्या घेण्याचा. एक जमीन-बांधकामातली, दुसरी पायाभूत सुविधांमधली, आणि किंमत सुमारे १.६ अब्ज डॉलर. दोन्हींमध्ये सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाचे मोठे हितसंबंध होते. सॉफ्टवेअर कंपनीने जमिनीच्या धंद्यात का पडावं, ही किंमत कशावरून ठरवली, असे काही प्रश्न बैठकीत निघाले. इतिवृत्तात त्यांची नोंद आहे. मग ठराव एकमताने मंजूर झाला.

बाजारात इतका गदारोळ उठला की काही तासांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, राजूंनी पत्र लिहून कबुली दिली की हिशेबात दाखवलेली पाच हजार कोटी रुपयांहून जास्त रोकड मुळात नव्हतीच.

त्या मंडळावर होतं तरी कोण? हार्वर्डचे प्राध्यापक, नामवंत व्यवस्थापन संस्थेचे प्रमुख, माजी कॅबिनेट सचिव, पेंटियम चिपचे जनक म्हणून ओळखले जाणारे अभियंते. घोटाळा उघड होण्याच्या काही महिने आधी कंपनीला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. तो नंतर काढून घेतला गेला.

एखादी मोठी कंपनी कोसळली की वर्तमानपत्रात संचालकांची नावं येतात आणि वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार तोच येतो: एवढी मोठमोठी माणसं बसली होती, मग करत काय होती? जगभर नव्या संचालकांसाठी अभ्यासक्रम आणि सक्तीचं प्रशिक्षण सुरू झालं, ते याच प्रश्नापोटी. पण त्यात नेमकं काय शिकवतात, आणि आयुष्यभर कंपन्या, विद्यापीठं, सरकारी खाती चालवलेल्या माणसाला कुणी काय शिकवावं, हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

कंपनी कोणाची, चालवतं कोण, आणि मध्ये कोण?

कंपनीत पैसे घालणारे ते भागधारक. ते हजारो, कधी लाखो असतात, आणि रोज कार्यालयात येऊन कारभार बघणं त्यांना शक्य नसतं. रोजचं काम करतं ते व्यवस्थापन, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्याच्या हाताखालची सगळी फौज. या दोघांच्या मध्ये जी आठ-दहा माणसं बसतात, ते संचालक मंडळ. भागधारक त्यांना निवडतात, आणि ते मुख्य अधिकाऱ्याला नेमतात, त्याचा पगार ठरवतात, दिशा पक्की करतात, हिशेब तपासून घेतात आणि वेळ आली तर त्याला घरीही पाठवतात.

या सगळ्या व्यवस्थेला गव्हर्नन्स म्हणतात. त्याची सर्वांत छोटी व्याख्या १९९२ साली ब्रिटनमध्ये सर ॲड्रियन कॅडबरी यांच्या समितीने केली: कंपन्यांना दिशा देण्याची आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याची पद्धत. पॉली पेक, कोलोरोल यांसारख्या कंपन्या वरवर धडधाकट हिशेब दाखवत अचानक कोसळल्या होत्या, त्या पार्श्वभूमीवर ही समिती १९९१ मध्ये नेमली होती. समितीचं काम चालू असतानाच बीसीसीआय बँक आणि मॅक्सवेल समूहाची प्रकरणं बाहेर आली. अहवालाला आयतंच महत्त्व आलं.

आणखी एक शब्द लागेल. स्वतंत्र संचालक म्हणजे कंपनीत नोकरी, धंदा किंवा नात्यागोत्याचा संबंध नसलेला संचालक. त्याने बाहेरच्या नजरेने बघावं, अशी अपेक्षा असते. प्रशिक्षणाचा भर बहुतेक वेळा याच मंडळींवर असतो.

चांगला मॅनेजर संचालक म्हणून का अडखळतो?

क्रिकेटची निवड समिती डोळ्यांसमोर आणा. समितीतला माणूस बहुधा स्वतः मोठा खेळाडू राहिलेला असतो. कर्णधार कोण, संघ कोणता, हे तो ठरवतो. सामना सुरू झाला की मात्र त्याने प्रेक्षागृहात बसायचं. चेंडू कुठे टाकायचा हे ओरडून सांगायचं नाही, आणि सामना हरल्यावर 'मला काय माहीत, मी मैदानात नव्हतो' असंही म्हणायचं नाही.

नव्या संचालकाची पंचाईत नेमकी इथे होते. तीस वर्षं त्याला हुकूम सोडायची सवय असते. अडचण दिसली की हात शिवशिवतात. तो थेट विक्री विभागाच्या प्रमुखाला फोन लावतो आणि 'हे असं करा' म्हणून सांगतो. इकडे मुख्य अधिकारी वैतागतो, तो प्रमुख गोंधळतो की नेमकं ऐकायचं कुणाचं. शिवाय मंडळाने खास अधिकार दिल्याशिवाय एकट्या संचालकाला असा हुकूम सोडताच येत नाही. अधिकार असतो तो मंडळाचा, बैठकीत, ठरावाने.

दुसऱ्या टोकाची चूक करणारेही असतात. आपण रोजच्या कामात लुडबुड करायची नाही एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. मग ते बैठकीला येतात, चहा घेतात, सही करतात आणि जातात.

या क्षेत्रात एक वाक्य फार चालतं: नाक आत, हात बाहेर. मराठीत नाक खुपसणं हा अवगुण समजला जातो. संचालकाचं मात्र तेच काम. वास घ्यायचा, विचारायचं, पुन्हा विचारायचं, फक्त हात घालायचा नाही. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण आधीच्या सगळ्या नोकरीत बक्षीस मिळालेलं असतं ते हात घालण्याबद्दल.

यात आणखी एक गोम आहे. संचालक वर्षातून पाच-सात वेळा भेटतात. कंपनीबद्दल त्यांना जे कळतं, त्यातलं बहुतेक सगळं व्यवस्थापनाने तयार केलेल्या कागदांतून कळतं. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची, त्यानेच प्रश्नपत्रिका काढून आणलेली असते. ही अडचण कितीही हुशारी असली तरी आपोआप सुटत नाही. ती कशी सोडवायची हे शिकावंच लागतं.

पूर्वी हे कुणी शिकवत होतं का?

पूर्वी अपेक्षाच नव्हती. ब्रिटनमधल्या कार्डिफ सेव्हिंग्ज बँकेची गोष्ट कायद्याच्या वर्गात अजून सांगतात. ब्यूटचे मार्क्विस म्हणजे तिथले बडे सरदार. वडील वारले आणि बँकेचं अध्यक्षपद वारशाने मुलाकडे आलं, तेव्हा त्याचं वय होतं सहा महिने. पुढच्या अडतीस वर्षांत ते एकदाच बैठकीला गेले. बँकेत अफरातफर झाली, बँक बुडाली, खटला उभा राहिला. १८९२ साली न्यायालयाने त्यांना जबाबदार धरलं नाही. बैठकीला जाण्याचं बंधनच नव्हतं, मग चूक कसली?

आता हे चालत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका पुनर्विमा, म्हणजे विमा कंपन्यांनीच घेतलेल्या विम्याची दलाली करणाऱ्या कंपनीच्या संचालिकेचं प्रकरण आलं. पतीच्या निधनानंतर त्या खचल्या होत्या, धंद्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. मुलं ग्राहकांचे पैसे 'कर्ज' या नावाखाली स्वतःकडे वळवत राहिली. मला धंद्यातलं काही कळत नव्हतं, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. संचालकाला कंपनीच्या धंद्याची किमान प्राथमिक समज हवी, आणि ती नसेल तर त्याने ती मिळवावी किंवा पद सोडावं. निकाल येण्याआधीच त्या वारल्या होत्या, तरी जबाबदारी त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर आली.

या दोन निकालांमध्ये जवळपास नव्वद वर्षांचं अंतर आहे. खुर्ची तीच, तिचा अर्थ मात्र पार बदलला.

मग शिकवतात तरी काय?

कायदा तर शिकवतातच. देश कुठलाही असो, संचालकाच्या कर्तव्यांचा गाभा दोन गोष्टींत येतो. एक काळजी, म्हणजे समोरचा कागद वाचून, विचारून, समजून निर्णय घेणं. दुसरी निष्ठा, म्हणजे कंपनीचं हित आणि आपलं हित समोरासमोर आलं तर आपलं बाजूला ठेवणं, आणि तसा प्रसंग आहे हे आधी सांगून टाकणं. विश्वस्त हा शब्द आपल्या कानावरचा आहे. संचालक हा जवळपास तसाच, दुसऱ्याच्या मालाचा राखणदार. ब्रिटनच्या २००६च्या कंपनी कायद्यात आणि भारताच्या २०१३च्या कायद्यात ही कर्तव्यं एकेक करून लिहून ठेवली आहेत.

काळजी म्हणजे काय हे अमेरिकेतल्या ट्रान्स युनियन कंपनीच्या प्रकरणात नीट दिसतं. २० सप्टेंबर १९८० रोजी मंडळाने संपूर्ण कंपनी प्रतिशेअर ५५ डॉलरला विकायला मंजुरी दिली. घाईने बोलावलेली बैठक, प्रमुखाचं वीस मिनिटांचं तोंडी निवेदन, एकूण दोनेक तासांत निर्णय. कराराचा मसुदा संचालकांनी वाचला नव्हता, कंपनीची खरी किंमत किती याचा अभ्यास समोर नव्हता. किंमत बाजारभावापेक्षा चांगली होती, संचालक अनुभवी होते, कुणाचा हेतू वाईट असल्याचं सिद्ध झालं नाही. तरी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना गंभीर निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलं. प्रकरण २३.५ दशलक्ष डॉलर देऊन मिटलं. निर्णय काय घेतला यापेक्षा तो कसा घेतला, याला न्यायालयाने महत्त्व दिलं.

नव्या संचालकाचा जीव इथेच खालीवर होतो: म्हणजे कंपनीला तोटा झाला की मी अडकलो? तसं नाही. सगळी माहिती घेऊन, प्रामाणिकपणे, स्वतःचा स्वार्थ न ठेवता घेतलेला निर्णय पुढे फसला, तर न्यायालयं साधारणपणे त्यात पडत नाहीत. धंदा म्हटला की जोखीम आलीच. डोळे मिटून सही करणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

आकडे माझ्या डोक्यावरून जातात, मग?

ही भीती बोलून दाखवणारे कमी, मनात ठेवणारे फार. संचालकाला हिशेबनीस व्हायचं नसतं. पण ताळेबंद दुसऱ्यावर सोपवूनही चालत नाही.

प्रशिक्षणात एक साधा सराव देतात. समजा, एका कंपनीची विक्री वर्षभरात १०० वरून १२० झाली. नफा १० वरून १३. वा, छानच. आता पान उलटा. ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम २० वरून ४२ झाली आहे आणि हातातली रोकड १५ वरून ४ वर आली आहे. म्हणजे विक्री २०ने वाढली आणि उधारी २२ने. वाढलेला सगळा माल उधारीवर गेला, वर थोडं जुनंही अडकलं. इथे हिशेबशास्त्र लागत नाही. लागतो एक साधा प्रश्न: एवढी विक्री झाली, तर पैसे कुठे आहेत? उत्तर निरुपद्रवी असू शकतं, एखादा मोठा ग्राहक दोन महिन्यांनी पैसे देणार असेल. किंवा विक्री कागदावरच झालेली असू शकते. पण प्रश्न विचारल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रो या शॉपिंग सेंटर चालवणाऱ्या समूहाचं प्रकरण या बाबतीत धडा म्हणून वापरतात. २००७च्या हिशेबात सुमारे दीड अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचं कर्ज, जे वर्षभराच्या आत फेडायचं होतं, ते दीर्घ मुदतीचं म्हणून दाखवलं गेलं. हिशेब विभागाच्या नजरेतून सुटलं, लेखापरीक्षकांच्याही सुटलं. संचालकांचं म्हणणं: कागदांचा ढीग येतो, तज्ज्ञांनी तपासलेलं असतं, आम्ही काय करणार? २०११ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कर्जं अल्प मुदतीची आहेत हे संचालकांना इतर कागदांवरून माहीत होतं, ते ताळेबंदाशी ताडून बघणं त्यांचं काम होतं. आणि ढीग फार मोठा वाटत असेल तर आपल्यापुढे काय यावं आणि किती यावं, हे ठरवण्याचा अधिकार मंडळाचाच आहे.

मला हे शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी वाटतं. ढीग येतो म्हणून कुरकुरत बसण्यापेक्षा, 'प्रत्येक विषयावर आधी दोन पानं द्या आणि त्यात तुम्हाला कशाची धास्ती वाटते तेही लिहा' असं सांगणारा संचालक पहिल्याच वर्षी सगळ्या मंडळावर उपकार करतो.

राक्षसाचा जीव कुठल्या पोपटात आहे?

राक्षस कितीही दांडगा असला तरी त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. प्रत्येक कंपनीचा असा एक पोपट असतो. नव्या संचालकाचं पहिलं काम तो शोधणं.

अमेरिकेतली ब्लू बेल ही कंपनी फक्त आइस्क्रीम बनवायची. २०१५ मध्ये तिच्या आइस्क्रीममधून लिस्टेरिया जंतूंची बाधा झाली, तीन माणसं दगावली. सगळा माल परत मागवावा लागला, एक तृतीयांशाहून जास्त कामगारांना घरी बसावं लागलं. भागधारकांनी दावा केला तेव्हा तक्रारीत पुढे आलं की अन्नसुरक्षेवर मंडळाची समिती नव्हती आणि त्या विषयावर नियमित चर्चा करण्याची पद्धतही नव्हती. एकच पदार्थ विकणारी कंपनी, तो पदार्थ सुरक्षित आहे ना, हा विषयच पत्रिकेवर नाही. २०१९ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा पुढे चालू द्यायला परवानगी दिली. पुढे २०२१ मध्ये विमानं बनवणाऱ्या बोइंगच्या संचालकांवरचा याच धर्तीचा दावाही न्यायालयाने पुढे चालू दिला. ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत ३४६ जण गेले होते आणि मंडळात विमानसुरक्षेची खास जबाबदारी कुणाकडेच नव्हती, असा आक्षेप होता. तो दावा २३७.५ दशलक्ष डॉलरवर मिटला.

म्हणून बरी कंपनी नव्या संचालकाला पहिल्या काही महिन्यांत फाइल देऊन थांबत नाही. त्याला कारखान्यात फिरवते, गुणवत्ता तपासणाऱ्याशी, तक्रारी घेणाऱ्याशी, अंतर्गत लेखापरीक्षकाशी एकट्याने बोलू देते. एकट्याने हे महत्त्वाचं. साहेब शेजारी बसले की सगळं आलबेल असतं.

नेतृत्व कुणाचं, इथे तर सगळेच साहेब?

बरोबर, आणि म्हणूनच हे नेतृत्व वेगळं. मंडळात कुणी कुणाचा वरिष्ठ नसतो. अध्यक्षाचं मतही बहुधा एकच. अशा ठिकाणी पुढारपण म्हणजे गप्प बसलेल्याला बोलतं करणं, फार बोलणाऱ्याला अलगद थांबवणं, आणि मतभेद वैर न होऊ देता टेबलावर टिकवून ठेवणं. अध्यक्षाने आपलं मत शेवटी द्यावं, हा साधा संकेतही शिकवावा लागतो. त्याने आधीच सांगून टाकलं की बाकीचे माना डोलावतात.

माना डोलावण्याच्या या रोगावर मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये सविस्तर लिहिलं. एकजीव गटात माणसं एकमत टिकवण्यासाठी स्वतःच्या शंका गिळतात. मंडळात तर सगळे प्रतिष्ठित आणि सभ्य. 'मला कळलं नाही' असं म्हणणं म्हणजे कमीपणा. सत्यमच्या बैठकीतही प्रश्न निघाले होते, हे पुन्हा आठवा. कमी पडला तो दुसरा प्रश्न: उत्तर मिळाल्यावरही समाधान झालं नसेल, तर ते मोठ्याने सांगणं आणि तरी नाहीच पटलं तर विरोधात मत देऊन ते इतिवृत्तात लिहून घेणं. माझ्या मते प्रशिक्षणाचा अर्क एवढाच आहे. कायदा पुस्तकात मिळतो, पण दुसरा प्रश्न विचारायची हिंमत सरावाशिवाय येत नाही.

एवढ्या मोठ्या माणसांना वर्गात बसवणं शोभतं का?

थेरानोस या रक्तचाचणी कंपनीच्या मंडळावर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्त्झ होते, माजी संरक्षणमंत्री आणि सिनेटर होते. एका थेंबात शेकडो चाचण्या करणारं यंत्र प्रत्यक्षात तसं चालत नव्हतं. २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. परराष्ट्र धोरणातला दांडगा अनुभव प्रयोगशाळेतल्या चाचणीबद्दल नेमकं काय विचारायचं ते सांगत नाही. उत्तम शल्यविशारदालाही विमान चालवायचं असेल तर शिकावं लागतं, त्यात त्याचा अपमान कसला?

शिकलेले संचालक असले तर घोटाळे थांबतात का?

नाही. इथे खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते, स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे माजी प्रमुख. त्यांना हिशेब शिकवायला कोण जाणार? त्याच मंडळाने १९९९ मध्ये कंपनीच्या आचारसंहितेला अपवाद करून वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना, एन्रॉनशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवायला परवानगी दिली. नियम माहीत होता, आपण तो बाजूला ठेवतोय हेही माहीत होतं. २००१ च्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

मुरलेला लबाड माणूस तज्ज्ञालाही फसवू शकतो. प्रशिक्षणाने एवढं होतं की अजाणतेपणी होणाऱ्या चुका कमी होतात आणि 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट बंद होते. हेही थोडं नाही.

परीक्षा घेतली की झालं?

सक्तीच्या बाबतीत देशादेशांत तऱ्हा वेगळ्या आहेत. मलेशियात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या नव्या संचालकाला ठरलेला कार्यक्रम पूर्ण करावाच लागतो. सिंगापूरने २०१९ पासून अशा कंपनीत पहिल्यांदा संचालक होणाऱ्यांना वर्षभरात प्रशिक्षण बंधनकारक केलं. हाँगकाँगच्या शेअर बाजाराने जुलै २०२५ पासून नवख्यांना १८ महिन्यांत किमान २४ तासांची अट घातली. भारताने वेगळी वाट धरली. २०१९च्या अखेरीस स्वतंत्र संचालकांची नोंदवही आणि तिच्याबरोबर ऑनलाइन परीक्षा आली. आधी ६० टक्के गुण लागत, २०२०च्या डिसेंबरात ते ५० वर आणले. परीक्षा हवी तितक्या वेळा देता येते आणि पुरेसा अनुभव असलेल्यांना सूट आहे. ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ डायरेक्टर्स १९०३ पासून आहे, तिथे सनदी संचालक ही पदवी ऐच्छिक आहे.

परीक्षेला माझा विरोध नाही. वाहतुकीची चिन्हं ओळखता आल्याशिवाय गाडी हातात देऊ नयेच. पण चिन्हं ओळखणारा घाटात गाडी चालवू शकेल असंही नाही. पर्याय निवडण्याच्या परीक्षेत 'अध्यक्ष घड्याळाकडे बघत असताना तुम्ही काय कराल?' हे विचारता येत नाही. त्यासाठी सराव बैठकच लागते.

सराव बैठकीत काय होतं?

अशा एका बैठकीत मी मागच्या खुर्चीवर बसून बघत होते. टेबलाभोवती नऊ नवे संचालक, मुख्य अधिकाऱ्याच्या भूमिकेत स्वतः प्रशिक्षक. कंपनी काल्पनिक, पंप बनवणारी. कागद आदल्या संध्याकाळी दिलेले, १८० पानं. विषय चौदा. पहिला तास नव्या बोधचिन्हाच्या रंगावर गेला. सगळ्यांना मत होतं आणि सगळे हिरिरीने बोलले. अकराव्या क्रमांकावर 'नेहमीच्या मंजुऱ्या' या मथळ्याखाली उपकंपनीच्या कर्जाला हमी देण्याचा ठराव होता. तोवर प्रशिक्षकाने दोनदा घड्याळ बघितलं होतं, एकदा विमानाचा उल्लेखही केला होता. ठराव चार मिनिटांत मंजूर. १४१व्या पानावरच्या बारीक टिपेत लिहिलेलं होतं की ते कर्ज चार महिन्यांत फेडायचं आहे आणि रक्कम कंपनीच्या सगळ्या रोकडीच्या दुप्पट आहे. नऊपैकी तिघांनी ते पान वाचलं होतं. तिघेही गप्प राहिले. का, असं विचारल्यावर एक जण म्हणाले, "मला वाटलं, बाकीच्यांना माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी कंपनी तीच, ठराव वेगळा, पण पुन्हा एका हमीचाच. एक बाई होत्या, निवृत्त अभियंत्या, आदल्या दिवशी जेमतेम दोन वाक्यं बोललेल्या. त्यांनी विचारलं, "ही हमी दिली तर आपल्याला पैसे नक्की कधी भरावे लागतील?" प्रशिक्षकाने गुळगुळीत उत्तर दिलं, वित्त विभागाने तपासलंय, बँकही समाधानी आहे. त्या म्हणाल्या, "ते झालं. पण तारीख कोणती?" प्रशिक्षकाचा आवाज चढला, या विषयावर आपण पुरेसं बोललोय मॅडम, बाकी सगळ्यांची संमती आहे. खोलीत अवघडलेली शांतता. बाईंनी चष्मा काढून कागदावर ठेवला. "असेल. मला अजून कळलेलं नाही."

चार-पाच सेकंद कुणी बोललं नाही. मग टेबलाच्या टोकाकडून आवाज आला, "खरं सांगायचं तर मलाही नाही." आणि लगेच तिसरा. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, आणि प्रशिक्षक हसून म्हणाले, "चला, आता चहा घेऊ."